बसमध्ये आधीच बसलेली वहिनी

यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

नात्सुहोनं जसं सांगितलं, तसंच इथं उतरवलंय. ती जपानमधल्या सेंदाईच्या एका बालवाडीत शिकवते. रोज तीस पोरांना जोडीजोडीनं बागेत नेते आणि तीसच्या तीस परत आणते. डोकी मोजायची सवय तिच्या हाडात भिनलेली आहे.

म्हणूनच त्या दिवशी तिला कळलं. नाहीतर कुणालाच कळलं नसतं.

दिवस होता फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार. गाव मोरिओका. अंधार नव्हता, स्मशान नव्हतं, काही नव्हतं. जे घडलं ते भरदुपारी, भरवस्तीत, माणसांच्या गर्दीत घडलं.

नात्सुहो, तिचा मोठा भाऊ शोगो आणि वहिनी कोतोए. तिघंच गेले होते. वहिनीचं सेंदाईत केस कापायचं दुकान आहे. तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा जास्त चालते, असं दादा म्हणायचा. सहलीचा बेतही तिचाच. सकाळी डोंगरावर स्नोबोर्डवरून बर्फात घसरायचं, दुपारी शहरात भटकायचं. कुठं जेवायचं, कुठली जुनी दुकानं बघायची, सगळं तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं.

बेत चांगला होता. पण सकाळी डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीतच ठिणगी पडली.

तिघं शेजारी शेजारी बसलेले. नात्सुहो मध्ये. पाय हवेत, पायाला बोर्ड लटकलेला, खाली नुसता पांढराशुभ्र उतार.

"आईंना काय सांगितलंस तू?" वहिनीनं विचारलं.

"येतो म्हणालो. मार्चमध्ये," दादा म्हणाला.

"येतो म्हणजे? पाहुणे म्हणून?"

"राहायला."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे उत्तर ठाऊक होतं, म्हणून प्रश्नच गिळलास. हुशार आहेस."

"मी मध्ये बसलेय," नात्सुहो म्हणाली. "तेवढं लक्षात असू द्या दोघांनी."

"मग तूच सांग. आई तुझी. तू का नाही जात राहायला?"

"मला वेड लागलंय का?"

वहिनी खळखळून हसली. दादाच्या तोंडावरची रेघ हलली नाही.

वर पोचल्यावर वहिनीनं बोर्डाचे पट्टे आवळले. तिचं जाकीट पिवळं, हळदीच्या रंगाचं. दुरूनही ओळखू यावं असं.

"मी झाडांमधून येते," ती म्हणाली. "जरा एकटीला जाऊ दे मला. खाली भेटू."

"वहिनी, धुकं येतंय."

"येऊ दे. मला काय पहिल्यांदा बघतंय ते?"

ती डावीकडं वळली. पिवळा ठिपका फर आणि बर्चच्या झाडांच्या गर्दीत शिरला आणि दिसेनासा झाला.

तेव्हा पावणेअकरा वाजले होते. नात्सुहोला वेळ पक्की आठवते, कारण तिनं घड्याळ पाहिलं होतं. परतीची बस अकरा पन्नासला होती.

धुकं आलंच. पाठोपाठ बर्फ. हाताच्या अंतरावरचं दिसेना. दोघं अंदाजानं खाली उतरले आणि लिफ्टच्या तळाशी थांबले.

दहा मिनिटं.

वीस मिनिटं.

मध्येच नात्सुहोला वाटलं, कुणीतरी हाक मारली. एकदाच. वरून, झाडांच्या बाजूनं...

"ऐकलंस?"

"वारा आहे," दादा म्हणाला.

"दादा, तिला यायला पाच मिनिटं लागतात फार तर."

"रुसलीय ती. मुद्दाम उशीर करतेय. फोनही लावू नकोस. आपण शोधत फिरावं म्हणून. मी दहा वर्षं बघतोय हे."

त्यानं भाड्यानं घेतलेला बोर्ड उचलला आणि कपडे बदलायच्या खोल्यांकडं चालायला लागला. नात्सुहोनं लॉकर उघडला. तिचे आणि वहिनीचे कपडे एकाच लॉकरमध्ये होते आणि किल्ली नात्सुहोकडं. वहिनीचे बूट, कोट, पिशवी, सगळं जागेवर. तिनं स्वतःचे कपडे बदलले आणि वहिनीचे बूट-कोट तिच्या पिशवीत कोंबून तीही खांद्याला लावली.

बस धूर सोडत उभी होती. निघायला तीन मिनिटं उरलेली. नात्सुहो दारातच अडली.

"मी नाही चढणार. ती आल्याशिवाय नाही."

"अगं, आत बघ आधी," दादा म्हणाला.

तिनं आत पाहिलं.

शेवटून दुसऱ्या रांगेत, खिडकीपाशी... पिवळं जाकीट.

वहिनी आधीच बसलेली होती.

नात्सुहोच्या जिवात जीव आला. मग राग आला. मग दादाच्या हातातली तिकिटं ड्रायव्हरनं घेतली, एकवार मागं बघितलं आणि एक तिकीट परत केलं.

"हे एक जास्त आहे साहेब."

"तीन आहोत आम्ही."

ड्रायव्हरनं पुन्हा मागं बघितलं. तो तिकीट तसंच पुढं धरून राहिला. मागं रांग खोळंबली होती, म्हणून दादानं ते खिशात टाकलं.

"झोप झालेली दिसत नाही याची," तो पुटपुटला.

वहिनी खिडकीबाहेर बघत होती.

"कधी आलीस तू? आम्ही तिकडं थंडीनं गारठलो," नात्सुहो म्हणाली.

"मगाशीच."

"बोर्ड कुठंय तुझा?"

"कुरियरनं घरी पाठवला."

नात्सुहोच्या मनात खुट्ट झालं. वहिनी तो बोर्ड कुणाच्या हातात देत नाही. रेल्वेत सामानाच्या फळीवरसुद्धा ठेवत नाही, गुडघ्यांत धरून बसते. आणि कपडे न बदलता ती कुरियरच्या खिडकीशी कधी गेली?

"हे घे तुझे बूट. बदल."

"राहू दे. बरे आहेत हे."

दादा तिच्या शेजारी बसला. नात्सुहो त्यांच्या मागच्या रांगेत. बसमध्ये हीटर चालू होता. ओल्या कपड्यांची वाफ, माणसांचे श्वास. सगळ्या खिडक्या धुरकटून गेल्या होत्या. पुढचं पोरगं काचेवर बोटानं मांजर काढत होतं.

फक्त एक खिडकी स्वच्छ होती.

वहिनीची.

तिचं तोंड काचेपासून चार बोटांवर होतं. तरी काचेवर... वाफेचा डाग नव्हता.

वाटेत वहिनी दादाकडं वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी विचार केला. राहू आपण आईंकडे. तू म्हणतोस तेच बरोबर आहे."

दादा बघतच राहिला.

"खरंच?"

"खरंच."

त्यानं तिचा हात हातात घेतला. मागून नात्सुहोला त्याचा गाल दिसत होता. लग्नाच्या दिवशी हसला होता, तसा हसत होता.

नात्सुहोला मात्र ते गोड बोलणं टोचलं. वहिनी हरली तरी शेवटचा शब्द स्वतःचा ठेवणारी बाई. एका तासात असं काय झालं?

मोरिओकाला उतरले तेव्हा आकाश उघडलं होतं. रस्त्याकडेला बर्फाचे ढिगारे, दुकानांच्या पागोळ्यांवरून थेंब गळत होते. तिघं जेवायला निघाले.

स्नोबोर्डचे बूट घालून चालणं म्हणजे हत्तीनं चालणं. फरशीवर धप्प धप्प असा आवाज होतो, सगळा रस्ता वळून बघतो. वहिनी ते बूट घालून दोघांच्या मधून चालली होती.

दादाच्या पावलांचा आवाज येत होता.

नात्सुहोच्या पावलांचा येत होता.

मधून... काहीच नाही.

वहिनीनं ठरवलेलं जाजामेनचं दुकान छोटं होतं. जाड शेवया, वर मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, परतलेला खिमा. एक प्रौढ बाई वाढायला होती. ती पाण्याचे ग्लास घेऊन आली.

दोन ग्लास.

एक दादापुढं, एक नात्सुहोपुढं.

"काकी, अजून एक," दादा म्हणाला. "आणि तीन वाट्या."

"तीन? भूक लागलीय वाटतं डोंगरावरून येऊन," बाई हसून म्हणाली. तिनं तिसरा ग्लास आणला आणि तोही दादाच्याच पुढ्यात ठेवला.

दादा हसला. "तुझ्याकडं बघायलाही घाबरतात लोक," तो वहिनीला म्हणाला.

वहिनीही हसली.

वाट्या आल्या. दोन वाट्यांमधून वाफा निघत होत्या. तिसरी वहिनीपुढं सरकवली आणि तिची वाफ तिथल्या तिथं थांबली. कुणी फुंकर मारून दिवा विझवावा तशी.

"खात नाहीस?" नात्सुहोनं विचारलं.

"खातेय की."

वाटी तशीच भरलेली होती. नात्सुहोची नजर तिच्या खांद्यांवर गेली. जाकिटाच्या शिवणीत डोंगरावरचा बर्फ अडकलेला होता. चुलीशेजारचं टेबल. नात्सुहोच्या कपाळावर घाम आला होता.

आणि तो बर्फ... वितळत नव्हता.

"किती वाजले?" वहिनीनं विचारलं.

"दीड," दादा म्हणाला.

"दीडच?"

जेवण झाल्यावर मिसोच्या उरलेल्या घासात अंडं फोडून, वरून शेवयांचं गरम पाणी घालून प्यायचं असतं. दादा ते पीत असताना नात्सुहो सहज म्हणाली, "हवा उघडलीय. अजून दोन वाजताची बस आहे. परत वर जायचं का? दोन फेऱ्या होतील."

वहिनीनं तिच्याकडं पाहिलं.

नात्सुहो म्हणते, ती नजर रागाची नव्हती. रागाची असती तर बरं वाटलं असतं. आपण गाठ सोडवायला हात घालावा आणि कुणीतरी तो हात शांतपणे बाजूला करावा, तशी ती नजर होती.

"आता वर काय आहे?" वहिनी म्हणाली. "शहर बघू. इकडं चला."

नदीवरच्या पुलावर आले. वायव्येला इवाते पर्वत लख्ख दिसत होता. सगळे थांबून फोटो काढत होते. दादाही थांबला. वहिनी कठड्याला टेकून उभी राहिली, पण डोंगराकडं पाठ करून.

"बघ तरी," दादा म्हणाला.

"बघितलाय. किती वाजले?"

"सव्वादोन. कुठं जायचंय तुला?"

"कुठं नाही. साडेचारपर्यंत वेळ काढायचाय नुसता."

"साडेचारला काय आहे?" नात्सुहोनं विचारलं.

"काही नाही."

तिघं चालायला लागले, तेवढ्यात समोरून सायकलवाला आला. दादा एका कडेला झाला, नात्सुहो दुसऱ्या. सायकलवाल्यानं घंटी वाजवली नाही, वेग कमी केला नाही. दोघांच्या मधून तो सरळ निघून गेला.

मध्ये वहिनी उभी होती.

तिचा धक्का कुणालाच लागला नाही.

नात्सुहोनं दादाची बाही ओढली आणि त्याला दोन पावलं मागं घेतलं.

"दादा, तुला ती बरी वाटतेय का?"

"कोण?"

"वहिनी. जेवली नाही. बूट बदलत नाही. सारखी वेळ विचारतेय."

"नात्सुहो." त्याचा आवाज खाली आला. "सहा महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी धड बोलतेय. आज तरी काड्या घालू नकोस."

"काड्या घालत नाहीये मी."

"मग चल मुकाट्यानं."

तो वहिनीकडं गेला. चालता चालता ती त्याच्या कानाशी काहीतरी म्हणाली. तो मोठ्यानं हसला. मागून चालताना नात्सुहोला पहिल्यांदा वाटलं, आपण या दोघांत तिसऱ्या नाही, परक्या आहोत.

साडेतीनच्या सुमाराला ते लोखंडी किटल्यांच्या एका जुन्या दुकानात शिरले. दुकान सांभाळायला सत्तरीच्या आजी होत्या. कोपऱ्यात निखाऱ्यांवर किटली गुणगुणत होती. आजींनी बसायला सांगितलं आणि चहाचे पेले आणले.

दोन.

दादा आणि वहिनी आतल्या फळ्यांकडं गेले होते. नात्सुहोनं आजींजवळ जाऊन हळूच विचारलं, "आजी, आम्ही कितीजण आलोय?"

"असं का विचारतेस, पोरी?"

"सांगा ना."

"दोघं. तू आणि तो."

आजींनी किटलीखालचे निखारे सारखे केले.

"पण एक सांगू?" आजी म्हणाल्या. "दारातून आत येताना तुम्ही दोघं मध्ये जागा सोडून आलात. आताही बघ. तो एका अंगाला सरकून उभा आहे. कुणाला वाट देतोय तो?"

नात्सुहोनं तिकडं पाहिलं. दादा सरकून उभा होता. त्याच्या शेजारी पिवळं जाकीट. स्पष्ट. तिला ते अगदी स्पष्ट दिसत होतं.

ती दुकानाबाहेर आली. फोन काढला. वहिनीचा नंबर लावला.

घंटी वाजायला लागली...

काचेतून तिला वहिनीची पाठ दिसत होती. आत कुठं फोन वाजला नाही. वहिनीचा हात खिशाकडं गेला नाही. घंटी मात्र वाजतच होती. कुठंतरी वाजत होती.

घंटी बंद पडेपर्यंत तिनं फोन कानाला धरून ठेवला.

नंतर काय करायचं हे तिला कळत होतं, पण बोट चालेना. सगळा दिवस जी बाई आपल्याबरोबर फिरतेय, ती हरवलीय असं पोलिसात किंवा डोंगरावर सांगायचं? काय सांगायचं? लोक हसतील. दादा जन्मभर बोलणार नाही. आणि वहिनी आत ठणठणीत उभी असली तर?

मग तिला लिफ्टच्या तळाशी ऐकलेली ती एक हाक आठवली.

तिनं डोंगरावरच्या बचाव पथकाला फोन लावला.

"माझी वहिनी खाली आलेली नाही," ती म्हणाली.

पलीकडचा माणूस एकदम कामाला लागला. "नाव? कपडे? शेवटचं कधी पाहिलंत?"

या प्रश्नाशी ती अडखळली. काचेपलीकडं बघत म्हणाली, "पावणेअकराला. वरच्या लिफ्टच्या डावीकडं, झाडांमध्ये. पिवळं जाकीट."

"पावणेअकरा? आणि फोन आत्ता करताय?"

"हो."

"बाई, साडेचारला लिफ्ट बंद होते. त्यानंतर अंधार. माणसं आत्ताच्या आत्ता सोडावी लागतील. नक्की ना?"

साडेचार.

"नक्की," नात्सुहो म्हणाली.

ती वळली.

काचेच्या आत, तिच्या तोंडासमोर... वहिनी उभी होती. काचेला जवळजवळ नाक लावून. काच स्वच्छ होती.

दुकानातून बाहेर आल्यावर वहिनीनं विचारलं, "कुणाला फोन?"

"आईला."

"काय सांगितलंस आईंना?"

"तुम्ही राहायला येताय म्हणून. खूश झाली."

वहिनी तिच्याकडं बघत राहिली. नात्सुहोनं पोरांपुढं धरतात तसं तोंड हसरं धरून ठेवलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"किती वाजले?"

"तीन पन्नास."

"चला," वहिनी दादाला म्हणाली. "अजून एक जागा बघायचीय. लांब आहे. फोन बंद ठेवा दोघंही. आज आपण आपल्यासाठी."

दादानं खरोखर फोन बंद केला. नात्सुहोनं केल्यासारखं दाखवलं.

वहिनी पुढं चालायला लागली. नदीकाठच्या गल्लीत, जिथं दुकानं संपतात आणि वर्दळ कमी होते. दादा तिच्या मागं निघाला. नात्सुहो दादाच्या मागं. कडेला न तुडवलेला ताजा बर्फ होता. वहिनी त्यावरून चालत होती.

बर्फ तसाच सपाट राहत होता.

नात्सुहो मनात मोजत होती. एक, दोन. एक, दोन. बालवाडीत मोजते तशी. तिसरा आकडा तोंडात येईना.

चार वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला.

शांत गल्लीत तो आवाज केवढ्यानं घुमला. वहिनी थबकली. वळली नाही.

नात्सुहोनं फोन कानाला लावला.

"सापडल्या," मघाचाच माणूस बोलत होता. धापा टाकत. "झाडाच्या बुंध्याभोवती खड्डा असतो, त्यात गळ्यापर्यंत गाडल्या गेल्यात. जिवंत आहेत. अंग गार पडलंय, पण बोलतायत. शहरातल्या रुग्णालयात आणतोय. तुम्ही कुठं आहात?"

"मोरिओकात. निघालोच," ती म्हणाली.

"काय झालं?" दादानं विचारलं. मग पुढं बघितलं. "कोतोए कुठं गेली?"

गल्ली सरळ होती. दोन्ही बाजूंना भिंत. पुढं पाऊणशे पावलांपर्यंत कुणी नव्हतं.

बर्फावर दोघांच्याच पावलांचे ठसे होते.

वहिनी वाचली. गुडघा फिरला होता, दोन बोटं काळीनिळी पडली होती, पण वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उशीला टेकून बसली होती. दादा खुर्चीत. नात्सुहो खिडकीशी. त्या दोघांनी तिला शहरातलं काहीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनीच मना केलं होतं, तिला त्रास होईल असं बोलू नका.

वहिनीच बोलायला लागली.

"मी ओरडत होते. हात दोन्ही बाजूंना आवळले गेलेले. नुसतं तोंड मोकळं. आणि वर... खड्ड्याच्या काठावर कुणीतरी बसलं होतं."

"कोण?" नात्सुहोनं विचारलं.

"दिसत नव्हती. बाई होती. आवाज माझा होता. फोनमध्ये भरून ऐकला की आपलाच आवाज कसा परका वाटतो, तसा."

दादा खाली बघत होता.

"मी ओरडले की म्हणायची, कशाला घसा फोडतेस? ते जेवतायत. थोड्या वेळानं म्हणाली, आता पुलावर आलेत. मग म्हणाली, तो हसतोय बघ. तू असताना असा हसतो का?"

दादानं खुर्ची मागं सरकवली.

"मी रडले तेव्हा म्हणाली, आता थोडंच राहिलं. साडेचारला लिफ्ट बंद होते. मग कुणी येणार नाही."

तिनं घोटभर पाणी घेतलं.

"मग छातीशी फोन थरथरला. घेता येत नव्हता. पण कळलं, कुणालातरी माझी आठवण झालीय. त्यानंतर ती एकच वाक्य बोलली. नणंद वाईट आहे तुझी, म्हणाली. मग गप्प झाली."

वहिनी नात्सुहोकडं बघून हसली. तिचं नेहमीचं हसू. नात्सुहोला रडू कोसळलं.

मग वहिनी दादाकडं वळली.

"शोगो, तुला एकदाही वाटलं नाही? मी खाली आले नाही, हे तुला कळलंच कसं नाही?"

तेव्हा मात्र नात्सुहोनं सगळं सांगितलं. बस, शेवया, पूल, आजी. डॉक्टरांची मनाई मोडून. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा दादाकडं बघितलं.

"नाही कळलं," दादा म्हणाला. "अगदी तूच होतीस."

वहिनीनं पांघरूण वर ओढून घेतलं.

गोष्ट इथं संपली असती तर नात्सुहोला शांत झोप लागली असती.

ते आईकडं राहायला गेले नाहीत. वहिनीनं नाही म्हणून सांगितलं आणि दादा वादात पडला नाही. वर्ष सरत आलं. नोव्हेंबरमध्ये वडिलांच्या श्राद्धाला सगळे जमले होते. पाहुणे गेल्यावर दादा आणि नात्सुहो मागच्या पायरीवर बसले. त्यानं थोडी साके, तांदळाची दारू, घेतली होती.

"नात्सुहो," तो म्हणाला. "मला बसमध्येच कळलं होतं."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तिचा हात धरला ना मी, तेव्हाच. दहा वर्षं धरलेला हात आहे. तो तिचा नव्हता."

"दादा..."

"गार नव्हता. तसं काही नाही. नुसता तिचा नव्हता."

"मग बोलला का नाहीस? ती तिकडं मरत होती."

त्यानं समोरच्या कुंपणाकडं तोंड फिरवलं.

"ती हो म्हणाली होती," तो म्हणाला. "मी काय म्हणतोय ते ऐकून घेत होती."

नात्सुहो उठून आत गेली. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलते. वहिनीला तिनं हे सांगितलेलं नाही. रोज सांगायचं ठरवते. रोज राहतं.

यंदाच्या फेब्रुवारीत दादानं दोन दिवसांची रजा काढली. मोरिओकाला ऑफिसचं काम आहे, असं वहिनीला सांगून गेला. एकटाच.

गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला होता. तिचा आवाज खुललेला होता.

"अगं, तुझा भाऊ तिकडून आल्यापासून एकदम बदललाय. आवाज चढवत नाही, रुसत नाही. मी म्हणेन त्याला हो म्हणतो."

नात्सुहो काही बोलली नाही.

"मला वाटलं होतं, तुला आनंद होईल," वहिनी म्हणाली. "बरं, शनिवारी जेवायला ये. तोच म्हणाला, नात्सुहोला नक्की बोलाव. दोनदा म्हणाला."

मागून दादाचा आवाज आला. प्रेमळ, मऊ.

"किती वाजता येतेय, विचार."

आज गुरुवार आहे. नात्सुहोनं अजून काहीच कळवलेलं नाही.